हप्तेकरी

पगाराच्या आठवड्यात वाळूजमधल्या बजाजनगरच्या मोहटादेवी चौकाजवळच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात हप्तेकरी हमखास भेटतो. अंगात कंपनीचा शर्ट, सेकंड शिफ्टची घाई. तो फोनची किंमत विचारत नाही. ‘महिन्याला किती बसेल?’ एवढंच विचारतो. कॅमेरा, बॅटरी हे विषय मित्रांवर सोपवून तो फायनान्सवाल्या पोराच्या चेहऱ्याकडे टक लावून बसतो. ओटीपी येतो, तो खणखणीत आवाजात वाचला जातो, आणि ‘फाइल पास झाली’ म्हटल्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा त्याचा जीव भांड्यात पडतो. शहाणे लोक त्याला उधळ्या म्हणतात. मला तो पक्का हिशेबी वाटतो. त्याला हवा असतो तो हप्ता. फोन त्यावर फुकट मिळतो.

हिशेब म्हटला की शहाणे लगेच कागद पुढे करतात. समजा, फोन १८,००० चा, ‘बिनव्याजी’ नऊ हप्ते, त्यातले तीन आधीच भरायचे. म्हणजे कर्ज खरं १२,००० चं, तेही सहा महिन्यांचं. फाइल चार्ज ६०० आणि रोखीवर मिळाली असती ती ९०० ची सूट धरली, तर व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. हे सगळं खरं. पण मग शहाण्यांचा पुढचा सल्ला येतो: दरमहा दोन हजार बाजूला टाक आणि रोखीने घे. इथे ते नातेवाईक विसरतात. बाजूला टाकलेले पैसे गावाकडे बरोबर कळतात. मेव्हण्याची मोटर जळते, पुतण्याची फी थकते, आणि ‘नाही’ म्हणणारा माजलेला ठरतो. याउलट ‘हप्ता चालू आहे, चेक बाउन्स होईल’ म्हटलं की मामासुद्धा गप्प बसतो. चेक आता कुणी देत नाही, हप्ते खात्यातून परस्पर कापले जातात. पण दरारा अजून चेकचाच आहे. असं कवच कोणती बचत योजना देते? म्हणूनच एक हप्ता फिटला की तो अस्वस्थ होतो आणि दुसरा शोधतो.

मग फोनचा हप्ता सिमच्या कंपनीकडेच का नको? २०२१ च्या दिवाळीत जिओने तोही मार्ग काढला: १,९९९ आणि वर प्रोसेसिंग फी भरा, बाकी १८ किंवा २४ महिने रिचार्जसकट. पण सिम बदलायची मोकळीक हप्तेकऱ्याला प्यारी. शिवाय या नगराला हप्त्याचं वावडं कधीच नव्हतं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ चा, आणि गाड्यांसाठी कर्ज देणारी बजाज ऑटो फायनान्स १९८७ ची. २०१० मध्ये तिने नावातला ‘ऑटो’ गाळला. ज्या बापाने स्कूटरसाठी आधी पैसे भरून कित्येक वर्षं नंबरची वाट पाहिली, त्याने पोराला ‘आधी फोन, मग पैसे’ यावरून बोल लावावेत, हे काही पटत नाही.

कवचाला भोक आहे ते एकच. नातेवाईकही आता शहाणे झालेत. रोख मागतच नाहीत. ‘दाजी, तुमचा सिबिल चांगलाय, एक फोन माझ्यासाठी तुमच्या नावावर काढा ना, हप्ता मी भरतो,’ म्हणतात.