न बोलणारं व्होल्टेज

अ‍ॅम्प्लिफायर खरखरला तर फार वाईट वाटून घेऊ नये. खरखर सगळ्यांना ऐकू येते, शेजारीही येऊन कळवतात, आणि बहुतेक वेळा व्हॉल्यूमच्या कंट्रोलमधली धूळ काढली की ती थांबते. भीती बाळगावी ती स्पीकरच्या टर्मिनलवर गुपचूप येऊन बसलेल्या डीसीची. घरातल्या अबोल्यासारखं त्याचं असतं: ऐकू काहीच येत नाही, फक्त तापमान वाढत जातं.

गाणं म्हणजे सतत खालीवर होणारा प्रवाह. त्यासरशी स्पीकरचा कोन पुढेमागे हलतो आणि सूर उमटतो. डीसीला चढउतार ठाऊक नाही. तो कोनला एका बाजूला ढकलतो आणि तिथेच धरून ठेवतो. सुरुवातीला एकदा 'धप्प', मग शांतता. पस्तीस-पस्तीस व्होल्टच्या दुहेरी सप्लायवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, म्हणजे दुकानातल्या भाषेत 'आऊटपुट उडाला', की जवळजवळ ते सगळे व्होल्ट स्पीकरवर. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीला सुमारे सहाच ओहम दिसते. हिशेब दोनशे वॉटवर जातो, आणि त्यातून एक सूरही निघत नाही. निघतो तो जळका वास.

जुन्या एकेरी सप्लायच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आऊटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये एक जाडजूड कपॅसिटर असे. तो डीसीला पुढे जाऊच देत नसे. दुहेरी सप्लाय आल्यावर त्याची गरज उरली नाही, खर्जही सुधारला. पण राखण करायला कुणीतरी लागतंच, म्हणून पुढे चांगल्या यंत्रांत रिले बसला. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टिक' होते ती त्याची. ती झाली नाही तर रिलेला शिव्या घालू नयेत. बहुधा त्यानेच आपला स्पीकर वाचवलेला असतो.

शोध घेताना स्पीकर आधी काढावा. मेन्सच्या वायरीत सिरीजला बल्ब लावावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर बरं, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग मीटर डीसीवर ठेवून आऊटपुट मोजावा. पन्नास मिलिव्होल्टपर्यंत कुरकुर करू नये, अगदी शून्य कुणाचंच नसतं. काही शे मिलिव्होल्ट निघाले तर इनपुटची न जुळणारी ट्रान्झिस्टरची जोडी किंवा गळका कपॅसिटर पाहावा. पूर्ण सप्लायइतके निघाले तर आऊटपुट आणि त्यांचे ड्रायव्हर.

स्टीरिओची एक मोठी सोय आहे. डावा चॅनल बिघडला तर उजव्याला विचारावं. सर्किट तेच, प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज दोन्हीकडे मोजत गेलं की जिथे आकडे फुटतात तिथे दोष जवळपासच असतो. नुसता आऊटपुट बदलण्याची घाई मात्र अंगाशी येते. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन आणलेला कोरा २एन३०५५, ड्रायव्हर आणि एमिटरचे रेझिस्टर न तपासता लावला, तर तोही जुन्याच्या वाटेने जातो.

सगळं जमलं तरी लगेच आवडते स्पीकर जोडू नका. अर्धा तास यंत्र गरम होऊ द्या, पुन्हा मोजा, आणि पहिलं गाणं गेला तरी चालेल अशा जुन्या स्पीकरवर ऐका.