शिक्क्यांचा पंचनामा

पूर्वी नवरी सासरी जायची आणि तिच्यासोबत पाठराखीण जायची. आता खानदेशातले काही नवरदेवही सासरी जातात. सासर लेस्टरला किंवा लंडनला असतं आणि पाठराखीण म्हणून सोबत एक जाडजूड फाईल जाते. अशा होतकरू जावयांसाठी हे मार्गदर्शन.

लेखकाची पात्रता एवढीच की त्याला एक शालक आहे. शालकाचं शिरपूरकडे कृषी केंद्र आहे. बायको मूळची जळगावची, पण आता ब्रिटनची नागरिक. तिच्याकडे राहायला जायचं तर व्हिसाच्या अर्जात गेल्या १० वर्षांतल्या परदेशप्रवासाचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब करायला घरातला एकमेव रिकामा माणूस म्हणून मला नेमण्यात आलं. पेन्शन घेणाऱ्या माणसाला आमच्याकडे रिकामा म्हणतात.

नियम पहिला : परदेशप्रवास कशाला म्हणतात, हे आधी समजून घ्यावे.

शालकाचं म्हणणं होतं, "दाजी, मी कुठे गेलोच नाही. कंपनीच्या टूरला गेलो, ते वेगळं." ज्यांचा खत-बियाण्यांच्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगाम आला की कंपन्यांच्या स्कीम लागतात. अमुक पेट्या उचलल्या की गोवा, तमुक उचलल्या की बँकॉक-पटाया, त्याच्या वर दुबई, आणि अगदीच पराक्रम केला तर बाकू. त्यामुळे नंदुरबारला कधी मुक्काम न केलेला माणूस पटायात चार रात्री काढून येतो. कंपनीच्या पत्रात याला 'अभ्यास दौरा' म्हणतात. कशाचा अभ्यास, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारू नये असा संकेत आहे.

ब्रिटनचा अर्ज मात्र विचारतो. कोणता देश, कधी गेलात, कधी निघालात आणि कशासाठी गेलात? 'कशासाठी'च्या रकान्यात शालकाने पहिल्या झटक्यात लिहिलं, 'टार्गेट पूर्ण केलं म्हणून.' हे शंभर टक्के खरं होतं. पण टार्गेट पूर्ण करून थायलंडला गेलेल्या माणसाकडे तिकडचा अधिकारी कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार करून आम्ही ते खोडलं आणि 'पर्यटन, खर्च कंपनीचा' असं लिहिलं.

मग निघालं नेपाळ. सासूबाईंना घेऊन तो यात्रेच्या बसने पशुपतिनाथाला गेला होता. हे यादीत घालायचं म्हटल्यावर सासूबाई उखडल्या, "नेपाळ परदेश कव्हय व्हयना रे भो?" भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही, रस्त्याने जाताना पासपोर्टही लागत नाही, शिक्का तर नाहीच. तरी तो परदेश आहे. लिहावा.

नियम दुसरा : तारीख काढावी.

इथे खरा कस लागतो. कारण आम्हा खानदेशी माणसांच्या आठवणीत सगळं असतं, फक्त तारीख नसते. "कधी गेला होतास?" "कापूस वेचणी चालू होती." कापूस दरवर्षी वेचतात. "कानबाई बसवल्या त्याच्या आदल्या आठवड्यात." हे बरं. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसतात, म्हणजे त्या सालचं कालनिर्णय सापडलं तर आठवडा सापडतो. आता साल. "बोंडअळी आली ते वर्ष." हेही बरं. गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस खाल्ला तो २०१७चा खरीप. आणि एका टूरची तारीख तर खुद्द पंतप्रधानांनी सांभाळून ठेवली होती. ही मंडळी पटायात असताना नोटाबंदी जाहीर झाली. म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६. त्या रात्री हॉटेलात सगळे डीलर घरी फोन करून गल्ल्यात पाचशेच्या नोटा किती आहेत ते विचारत होते. अभ्यास दौऱ्यात झालेला तेवढाच अभ्यास.

याखेरीज अधिकृत साधनं म्हणजे विमान तिकिटाचा ई-मेल, बँकेचं स्टेटमेंट, कार्डाचं बिल. ती नसतील तर डीलरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जावं. कोणतीही टूर फ्लेक्सशिवाय निघत नाही. विमानतळाबाहेर सगळे एकसारख्या टोप्या घालून फ्लेक्स धरून उभे असतात आणि फ्लेक्सवर तारीख छापलेली असते. कंपनीची फुशारकी अशी कामाला येते.

एक बारीक गोष्ट. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माणूस शिरपूरहून १० तारखेला निघतो, आपल्या इमिग्रेशनचा शिक्का रात्री अकराला त्याच तारखेचा बसतो, आणि तिकडचा बसतो ११ तारखेचा. घरच्यांच्या लेखी तो ९ तारखेपासूनच गेलेला असतो, कारण तेव्हापासून तो बॅग भरत होता. ज्या देशाबद्दल प्रश्न आहे, त्या देशात शिरल्याची आणि तिथून निघाल्याची तारीख लिहावी. सगळ्या ओळींना एकच पद्धत ठेवावी. आणि एखादी तारीख नाहीच सापडली तर अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहावा, त्याला छातीठोक तारखेचा सदरा घालू नये.

तरीही दुबईची एक टूर हवेत लटकत होती. ती सापडली उधारीच्या वहीत. या माणसाला आपण देशाबाहेर कधी होतो ते ठाऊक नाही. पण थाळनेरच्या कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या दिवशी युरियाच्या किती गोण्या नेल्या, ते त्याच्या वहीत दिवसावार आहे. पानं उलटता उलटता सलग पाच दिवसांचं अक्षर बदललेलं दिसलं. ते सासऱ्यांचं होतं. मुलगा नसला की तेच गल्ल्यावर बसायचे. ते आता नाहीत. शालक बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, "आबांनी एकाची उधारी लिहायची सोडलीय बघा." दुबईची तारीख पक्की झाली.

नियम तिसरा : जुना पासपोर्ट फेकू नये.

नवा काढताना जुना रद्द करून परत देतात. तो रद्दी नव्हे, पहिला खंड आहे. आमचा खंड दुकानात मक्याच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात सापडला. शिक्के क्रमाने असतील अशी आशा ठेवू नये. तिकडचा कर्मचारी जे पान उघडेल त्यावर ठोकतो, आणि शाई संपत आली असेल तर फक्त चौकट उमटते. शिक्का नाही म्हणजे नोंद नाही, असंही समजू नये. हाँगकाँगने २०१३ पासून आणि सिंगापूरने २०२०च्या डिसेंबरपासून पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारणं बंद केलं. युरोपातल्या शेंगेन देशांनीही १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंदी सुरू केल्या. नोंद त्यांच्याकडे असते, आठवायचं काम तुमच्याकडे.

नियम चौथा : पान फाडू नये.

हा नियम लिहायची गरज पडू नये. पण शालकाने एका संध्याकाळी विषय काढला, "दाजी, पासपोर्टाचं एखादं पान निसटतं का हो आपोआप?" त्याला दोन बातम्या वाचून दाखवल्या. २०२२च्या जुलैत एका तरुणाने मालदीवची सहल बायकोपासून लपवायला पानं फाडली. २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या ५१ वर्षांच्या गृहस्थांनी बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून तोच उद्योग केला. दोघांनाही मुंबई विमानतळावर अटक झाली, आणि जे एका घरापासून लपवायचं होतं ते देशभरातल्या वर्तमानपत्रांत आलं. पुण्याच्या माणसाला जे जमलं नाही ते शिरपूरच्या माणसाने करून दाखवण्याची ही जागा नव्हे. पासपोर्टाच्या पानांवर नंबर असतात, आणि ती पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे. आपण फक्त सांभाळणारे. शिवाय अर्जात फसवणूक केली असं ब्रिटनने ठरवलं तर पुढची १० वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. पटाया त्या मानाने फार स्वस्त.

नियम पाचवा : पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर सांगावे. गावात 'तारीख मिळाली नाही' असं सांगितलेलं असलं तरी.

नियम सहावा : यादी आधी बायकोला दाखवावी.

तिची स्वतःची यादी एक्सेलमध्ये होती, पहिल्या दिवसापासूनची. एडिंबराला गेलेली सहल परदेशात धरायची नाही, हेसुद्धा तिने खाली लिहून ठेवलं होतं. शालकाची यादी वाचून तिने एकच प्रश्न पाठवला, "२०१९ मध्ये बँकॉक दोनदा?" घरात शांतता पसरली. शालकाने उत्तर पाठवलं, "एकदा कीटकनाशक, एकदा तणनाशक." ती शेतकऱ्याचीच मुलगी. तिला पटलं. किंवा तिने पटवून घेतलं. पण हे व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर कळण्यापेक्षा तिच्या फोनवर कळलं, ते बरं झालं.

आता जे जावई म्हणतील की एकदाचा व्हिसा मिळाला की सुटलो, त्यांच्यासाठी. बाहेरून अर्ज केलेल्या जोडीदाराला पहिला व्हिसा २ वर्षं ९ महिन्यांचा मिळतो, मग अडीच वर्षांची मुदतवाढ, आणि एकूण ५ वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. त्या अर्जात किती दिवस बाहेर होतात, हा प्रश्न आहेच. पुढे ब्रिटिश नागरिकाचा जोडीदार म्हणून नागरिकत्व मागायचं तर आधीच्या ३ वर्षांत २७० दिवसांहून अधिक आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून अधिक बाहेर असू नये. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. फक्त पूर्ण दिवस मोजतात. म्हणजे भाचीच्या लग्नाला येऊन, कानबाईपर्यंत थांबून, भरताची वांगी बाजारात आल्यावर जातो म्हणणाऱ्यांनी आधी बेरीज करावी.

तमाम कृषी केंद्रवाल्या भावांना विनंती, यंदा एका स्कीममध्ये व्हिएतनाम आहे म्हणतात. पेट्या उचलायच्या तेवढ्या उचला, पण परत आल्या दिवशी जाण्या-येण्याच्या तारखा उधारीच्या वहीत लिहून ठेवा. लग्न ठरलेलं नसलं तरी.