सांगली जिल्ह्याचा समुद्र

हल्ली ज्याला त्याला आपली आवडती गाणी उलट्या क्रमाने जाहीर करायची असतात. ही सवय लावली अमीन सयानींनी, आणि त्यांना श्रोते मिळवून दिले एका मराठी मंत्र्याने. १९५२ साली नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं. सिनेमाची गाणी त्यांना सोसत नसत, म्हणून आकाशवाणीवर त्यांना जागा उरली नाही. शास्त्रीय संगीत ऐकून देशाचा कान सुधारेल, असा त्यांचा हिशेब. देशाने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली.

तर आमचीही यादी. राहायला अलिबागेत, म्हणून अट एकच: गाण्यात खारं पाणी हवं.

चौथी पायरी, ‘वेसावची पारू’. हळदीच्या मांडवात बेंजोवाल्याला आणि डीजेला, दोघांनाही तोंडपाठ. पण वेसावे पडलं मुंबईत. पारू आमच्याकडची पाहुणी, म्हणून शेवटच्या पाटावर.

तिसरी, ‘वैशाख वणवा’तली माहेरला निघालेली गोमू. साल १९६४, शब्द गदिमांचे, चाल दत्ता डावजेकरांची, गळा जितेंद्र अभिषेकींचा. ज्या बुवांनी नाट्यसंगीताला नवं वळण लावलं, त्यांनी इथे नाखवाला साद घातलीय. तिच्या घोवाला कोकण दाखवा, एवढीच मागणी. हल्ली दाखवावं लागत नाही. २०२०पासून घोव मुंबईहून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरतो आणि रविवारी संध्याकाळी आमचा रस्ता अडवून परत जातो.

दुसरी, १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधली, संगतीने येणारी गोमू. सुधीर मोघ्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आशाबाई आणि हेमंतकुमार.

आता जरा नकाशा काढा. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, मोघ्यांचा किर्लोस्करवाडीचा. दोन्ही गावं सांगली जिल्ह्यात. म्हणजे आमच्या दोन्ही गोमू ज्या जिल्ह्याने धाडल्या, त्याला समुद्र सोडाच, आटपाडीकडे तेव्हा प्यायच्या पाण्याची मारामार.

आणि पहिल्या पायरीवरचं ‘मी डोलकर’? शब्द शान्ता शेळक्यांचे. जन्म इंदापूरचा, बालपण मंचरकडे. चाल पुन्हा हृदयनाथांची, सोबत लताबाई, आणि डोलकर कोण, तर पुन्हा हेमंतकुमार! किनाऱ्यावर एवढे नाखवे असताना दोन्ही वेळा वल्हं हातात दिलं बंगाली माणसाच्या. मासळीशी त्याचं नातं खात्रीचं, एवढंच काय ते समाधान.

आमच्या कोळीवाड्यातल्या मावशींना हे गाणं मोबाइलवर ऐकवलं. टोपलीतले बोंबील निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकलं, मानही डोलावली. मग म्हणाल्या, “गान्यात दर्या हाय, वारा हाय, पन बर्फाचा भाव कुठं हाय?”

प्रश्न बिनतोड आहे. तरीही गाणं पहिल्या पायरीवरून हलणार नाही. भरतीच्या वेळेवर अर्ध्या रात्री डोल जाळं ओढणारा माणूस घरी येऊन झोपतो, यमक जुळवत बसत नाही. लांबून बघणाऱ्याला पाणी निळं दिसतं, आणि निळ्या पाण्यावर गाणं होतं. भूमिपुत्रांनीच भूमीवर लिहावं म्हणणाऱ्यांनी हळदीला एकदा यावं. इंदापूरच्या बाईंच्या शब्दांवर अख्खा कोळीवाडा नाचतो, आणि जन्मदाखला कुणी मागत नाही.

घरचं गाणं नाही असं नाही. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचे विधी ती धवले गाऊन पार पाडते. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तोंडी. रेकॉर्ड खपली नाही, फर्माइशीचं पोस्टकार्ड आलं नाही, म्हणून ती कुठल्याच पायरीवर नाही. मांडवातही तिची जागा आता स्पीकरच्या मागे. ती तोंड उघडते आणि टेम्पोवरचा डीजे पारूला पुन्हा बोलावतो. नवऱ्या मुलाची आत्या कानात बोटं घालून तिच्या तोंडाकडे बघते, निदान ओठ तरी वाचता यावेत म्हणून.

रात्री दहाला मात्र पोलिसांची गाडी येते. लाऊडस्पीकरला सकाळी सहापर्यंत बंदी. धवलारणीला परवाना लागत नाही. केसकरांना जे जमलं नाही, ते एका हवालदाराला रोज जमतं.