ऊप्सशास्त्री

सर्व्हर मेला की ऑफिसात दोन जातींची माणसं धावतात. पहिली रीस्टार्ट करायला आणि दुसरी त्यांचा हात धरायला. दुसऱ्या जातीचा आमच्याकडे एकच नमुना आहे. पाठीमागे सगळे त्यांना ऊप्सशास्त्री म्हणतात, तोंडावर 'सर'.

लिनक्सचा कर्नेल अडखळला की स्क्रीनवर आकड्यांचा जो ढीग ओततो, त्याला 'ऊप्स' असंच नाव आहे. हे नाव शास्त्रींनी ठेवलेलं नाही. विनोद त्यांना वर्ज्य आहे. तुम्हाआम्हाला त्या ढिगात पासवर्डांची भेसळ दिसते. शास्त्री तो ढीग जमिनीच्या दाव्यातल्या जुन्या वकिलाने सातबारा वाचावा तसा वाचतात. नावगाव बाजूला, आधी फेरफार.

त्यांच्याकडे येणारा पहिला पुरावा नेहमी मोबाइलवर काढलेला फोटो असतो, आणि तो नेहमी स्क्रीनच्या खालच्या अर्ध्याचा असतो.

"वरचं कुठंय?"

"सर, तेवढंच दिसत होतं."

"म्हणजे मयताचे पाय आणलेस! डोकं आण."

मग कुणीतरी सीरियल कन्सोलचा लॉग शोधून आणतं. मॅनेजर, त्यांचे मॅनेजर आणि ज्याच्या कोडवर संशय आहे तो पोरगा, असे सगळे खुर्चीमागे उभे राहतात. शास्त्री चष्मा कपाळावर चढवतात (वाचायचा चष्मा वाचताना कपाळावर का, हे कुणी विचारत नाही) आणि एका ओळीवर बोट ठेवतात.

"हा दुसरा आहे. इथे कंसात दोन लिहिलंय. टेंटेडमध्ये डी पण आहे, म्हणजे आधीच एक ऊप्स होऊन गेलाय. पहिला काय झाला?"

पहिला दुपारी जेवणाच्या वेळी झालेला असतो. ऊप्स झाला म्हणून कर्नेल लगेच आडवा पडतोच असं नाही. सापडलेल्या प्रोसेसला मारून तो लंगडत पुढे चालतो आणि संध्याकाळी भलत्याच ठिकाणी कोसळतो. आपण त्या भलत्या ठिकाणाच्या मालकाला मीटिंगमध्ये धरतो. शास्त्रींच्या मते आपल्या धंद्यातले निम्मे गुन्हेगार असेच पकडले जातात.

पहिला ऊप्स सापडला की आवाज खाली येतो. "पत्ता बघ. सगळी शून्यं आणि शेवटी अठरा. हेक्समधले अठरा म्हणजे आपले चोवीस. पॉइंटर रिकामा होता आणि याला त्याच्या चोविसाव्या बाइटवरचं फील्ड हवं होतं. ऊप्सचा कोड दोन, म्हणजे वाचायला नव्हे, लिहायला गेला होता."

"आणि सर, हे दोन-ए भागिले नव्वद?"

"भागाकार नाही रे तो! फंक्शन एकशे चव्वेचाळीस बाइटांचं, त्यात बेचाळिसाव्यावर पडला. आता कॉल ट्रेस. खालून वर वाच. ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह आहे ती सोड, स्टॅकवर राहिलेले जुने पत्ते आहेत ते, भरवसा नाही त्यांचा."

असं करत करत ते बाहेरून आणून बसवलेल्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपर्यंत पोचतात. संशयित पोरगा मोठा श्वास सोडतो. शास्त्रींना त्याच्या सुटकेशी देणंघेणं नसतं. त्यांचं लक्ष आता त्या बेचाळिसाव्या बाइटमागची सोर्सची ओळ कोणती, याकडे.

रजिस्टरमध्ये सहा-बी, सहा-बी, सहा-बी अशी माळ दिसली, तर मात्र स्वारी चहा मागवते. डीबगिंग चालू असलं की मोकळ्या केलेल्या मेमरीत कर्नेल हीच खूण भरून ठेवतो. परत दिलेली मेमरी कुणीतरी अजून वापरतंय, हे त्यातून आयतंच कळतं. याउलट दर क्रॅश वेगळ्या जागी, वेगळ्या पत्त्यावर झाला की चेहरा पडतो. "रॅम," एवढंच म्हणतात आणि रात्रभर मेमटेस्ट लावून घरी जातात. हार्डवेअरने मारणं हा त्यांना रडीचा डाव वाटतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. शास्त्रींना दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. अझूरवरची काही मशीन पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट केल्यावर सुरू झाली, आणि हा उपाय म्हणून सांगितला गेला! पुढे कारण बाहेर आलं, की कोडला २१ मूल्यं हवी होती, मिळाली २०, आणि एकविसावं शोधत तो हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ते हे ऐकवतात. शेजारचा जिलबीकडे बघतो.

घरी मिक्सर बंद पडला तरी "हात लावू नकोस, आधी काय झालं ते सांग," अशी उलटतपासणी होते. वहिनींनी हल्ली दुरुस्तीवाल्याचा नंबर वेगळा जपून ठेवलाय.

माणूस तऱ्हेवाईक आहे, पण रीस्टार्टवाल्यांच्या गावात असा एक लागतोच. तुमच्याकडे असेल तर त्याच्यासाठी एवढं करा, कर्नेल कोसळताना मेमरीची नक्कल जपून ठेवणारं केडम्प सर्व्हरवर आजच चालू करून ठेवा. केडम्पला लागणारी मेमरी बूट होतानाच राखून ठेवावी लागते. मशीन मेल्यावर ती सेटिंग करता येत नाही.