डिकीत काय आहे?

नाक्यावरच्या हवालदाराने काचेवर टकटक केली. मी काच चार बोटं खाली घेतली. तेवढ्यात निम्मा पाऊस आत आला.

"डिकीत काय?"

"पाणी," मी खरं ते सांगितलं.

गोव्यात बाटली स्वस्त आणि आंबोली घाट हा देशावर चढायचा रस्ता, त्यामुळे आमच्या नाक्याला डिक्यांबद्दल फार जुनी जिज्ञासा आहे. 'पाणी' हे उत्तर त्याने पहिल्यांदा ऐकलं नसावं. चेहरा एकदम ड्युटीवर आला. "कसलं पाणी?"

मी उतरून डिकी उघडली. सावंतवाडीच्या बाजारातले सहा नारळ गढूळ पाण्यावर संथपणे तरंगत होते. दोन किलो पोहे पिशवीतल्या पिशवीत भिजून तयार होते, फक्त फोडणी बाकी होती. हवालदाराने बोट बुडवलं, नाकाशी नेलं, पुन्हा एकदा बुडवलं. "पाणीच आसा," तो म्हणाला. आवाजात निराशा होती, पण थोडी सहानुभूतीही असावी.

मला आश्चर्य वाटलं नाही. दाणोली सोडून गाडी घाटाला लागली तेव्हापासून मागून आवाज येत होता. डावं वळण आलं की उजवीकडे 'डुब्बुक', उजवं आलं की डावीकडे. तिसऱ्या वळणावर सौ. म्हणाली, "अहो, मागे कोणी बसलंय का?" आंबोलीच्या घाटात, धुक्यात, संध्याकाळी असा प्रश्न आला तर माणसाने मागे बघायचं नसतं. मी बघितलं नाही. गिअर बदलला.

गाडी १९९८ सालची. मागे वेगळी डिकी असलेली, चौकोनी पाठीची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडून कुठे गळत नाही ना, हे बघतात. किती वेळ? काही मिनिटं. आमच्याकडे तीच परीक्षा जून ते सप्टेंबर चालते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पुण्याला दहा वर्षांत पडेल तेवढा आम्ही एका पावसाळ्यात उरकतो. शिवाय तो वरून खाली पडेल असा भरवसा नाही. आडवा येतो, धुकं होऊन खिडकीतून आत बसायला येतो, आणि कधीकधी दरीतून चक्क वर येतो. कावळेसादच्या कड्यावर उभं राहून ज्याने खालून वर येणारा पाऊस तोंडावर घेतलाय, तो माझी गाडी गळते म्हणून हसणार नाही.

तरी सगळे हसले. आणि मग सल्ले आले.

शेजारचे काका म्हणाले, रबर गेलंय. डिकीच्या कडेचं रबर तपासायची त्यांची रीत अशी: रबरावर दहाची नोट ठेवायची, डिकी बंद करायची आणि नोट ओढायची. सहज निघाली तर तिथलं रबर बसलंय, अडकली तर चांगलं आहे. मी डिकीभोवती फिरत नोट ओढत होतो. सगळीकडे अडकली, आणि कुलपाजवळ फाटली. "बघा, रबर उत्तम!" काका म्हणाले आणि दुसरी नोट मागू लागले.

पुण्याच्या भाच्याने फोनवर पावडरचा उपाय सांगितला. रबराला टाल्कम पावडर फासायची, वरून पाणी मारायचं, मग उघडून बघायचं. जिथून पाणी शिरतं तिथे पावडरीवर ओघळ दिसतो. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण भर पावसात घरातला कर्ता पुरुष गाडीच्या मागच्या बाजूला पावडर लावतोय हे दृश्य रस्त्यावरून जाणाऱ्यांना कसं समजावणार? ओघळ एकही दिसला नाही. डिकी मात्र आठवडाभर लग्नाला निघाल्यासारखी दरवळत होती.

मग मी स्वतःच्या बुद्धीने हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि दिसेल त्या फटीत भरली. त्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. तो का येतो आणि आल्यावर काय होतं, हे मला सावंतवाडीच्या मेस्त्रींनी नंतर सांगितलं. सांगण्याआधी त्यांनी कपाळावर हात मारला. हे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. म्हणजे मी भोकं बुजवत नव्हतो, पुढच्या पावसाळ्यासाठी नवी पेरत होतो.

मेस्त्रींनी आल्या आल्या डिकीतलं गालिच्यासारखं कापड, त्याखालचा पुठ्ठा आणि स्टेपनी असं सगळं बाहेर काढलं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात एक बेडूक होता. आंबोलीत बेडूक म्हटलं की हसून चालत नाही. इथल्या एका भेकाच्या आणि एका झुडपी बेडकाच्या इंग्रजी नावातच आंबोली आहे, आणि हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात २०२० साली एक नवा मासा जाहीर झाल्यावर ती जागा पुढच्याच वर्षी सरकारने जैवविविधता वारसा स्थळ केली. माझ्या डिकीचंही तसं काही झालं तर दुरुस्ती बेकायदा ठरेल, अशी एक भीती चाटून गेली. मेस्त्रींनी बेडूक उचलून कुंपणावर ठेवला. तो साधाच होता.

"गुरुजी," मेस्त्री म्हणाले, "पाणी खंय साठता ता बघू नकात. खंयसून येता ता बघा."

चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला. हिरण्यकेशी आंबोलीच्या गुहेत उगम पावते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि आमच्या अंगणातलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं, हे किती पोरांकडून घोकून घेतलं. उगम वेगळा आणि संगम वेगळा, हे त्यांना कळावं म्हणून छड्याही दिल्या. आणि स्वतः दोन वर्षं उजव्या कोपऱ्यात पाणी साठतं म्हणून उजवाच कोपरा लिंपत बसलो.

मेस्त्रींची पद्धत अशी: एकाने आत झोपायचं, बॅटरी घेऊन. डिकी बंद करायची. बाहेरून नळीने पाणी सोडायचं, पण खालून वर. आधी बंपरची कड, मग दिवे, मग झाकणाची फट, शेवटी मागची काच. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि चोर गर्दीत मिसळतो. आत कोणी झोपायचं यावर चर्चा झाली नाही. मेस्त्री जाडे होते, आणि सौ.ने नळी आधीच हातात घेतली होती.

आत काळोख, पेट्रोलचा वास आणि गुडघे हनुवटीला. बाहेर सौ. मनापासून पाणी मारत होती. इतक्या वर्षांत एवढ्या मनापासून काही करताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. नेमकं त्याच वेळी डोक्याला दिवे बांधलेली, कॅमेरे घेतलेली चार-पाच मुलं रस्त्याने आली. पावसाळ्यात अशी मुलं रात्री बेडूक आणि साप शोधत आंबोलीभर फिरतात. बाई डिकीवर पाणी मारते आहे आणि डिकीतून पुरुषाचा आवाज येतोय, "आलं! आलं! डावीकडून!" हे त्यांनी ऐकलं. पावलं थांबल्याचं मला आतून कळलं, आणि लगेच ती भराभर दूर गेल्याचंही.

पाणी डाव्या मागच्या दिव्यातून येत होतं. दिव्यामागचं रबरी गॅस्केट सुकून पापड झालं होतं. थेंब तिथून वायरींच्या जुडग्यावर चढायचा, वायरीवरून पाठीमागून फिरत उजवीकडे जायचा आणि तिथे माझ्या सिलिकॉनच्या डोंगरावरून खड्ड्यात उतरायचा. मला त्या थेंबाबद्दल आदर वाटला.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेस्त्री गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग खालून आवाज आला, "गुरुजी, ह्या धरण कोणी बांधल्यान?"

स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी पाणी निघून जायला एक भोक होतं. दोन वर्षांपूर्वी मीच ते शोधून काढलं होतं, 'सापडलं!' असं ओरडलो होतो, आणि चाकाचं पाणी इथूनच वर उडतं असा सिद्धांत मांडून त्यात एम-सीलचा गोळा ठोकला होता. हे सौ.ला आठवत होतं. तिने तारीखही सांगितली.

गोळा निघाला. सिलिकॉन खरवडलं, गंज घासून प्रायमर लागला, नवं गॅस्केट आणि भोवती काळी चिकट ब्यूटिलची पट्टी बसली. गळती थांबायला एक दिवस लागला. कापड वाळायला अकरा. ऑगस्टात आंबोलीत काही वाळवायचं तर चुलीवरच टांगावं लागतं, आणि तिथे सुके बांगडे आधीपासून होते. आता गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा जेवायची वेळ झाली का असं विचारतो.

परवा पुन्हा बाजार करून घाट चढत होतो. धो-धो पाऊस, आणि मागे अगदी शांतता. नाक्यावर "डिकीत काय?" विचारल्यावर "नारळ" म्हणालो, तर हवालदाराने मुद्दाम उघडायला लावली आणि कोरडे नारळ बघून नाराज झाला.

"आज मागे कोणी नाही वाटतं," गाडी सुरू झाल्यावर सौ. म्हणाली.

मी नुसता हसलो. तेवढ्यात माझ्या डाव्या गुडघ्यावर टप्पकन एक थेंब पडला. खंयसून आला ते मी बघितलं नाही. आधी तिने बघितलाय का, ते बघितलं.