न्यूट्रलला ठेवा ना, साईं

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये गाडी लावणं हा एकट्याचा कारभार कधीच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकी बांधणाऱ्यांनी शिपायाला झोपायला किती जागा लागते याचा हिशेब केला असेल. त्याच बोळात पुढे घरटी एक मोटार उभी राहील, हे त्यांच्या नकाशात नव्हतं.

म्हणून गल्लीने आपला कायदा आपणच केला. दुसऱ्याच्या गाडीपुढे आपली आडवी लावायची तर खुशाल लावा, पण जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढायचा नाही आणि गिअर न्यूट्रलला. ज्याला निघायचं असेल तो जीन्सच्या कारखान्यातल्या पोऱ्याला नाहीतर इस्त्रीवाल्याला हाक मारतो. दोघे डिकीवर हात टेकतात, गाडी चार हात पुढे जाते, मागची सुटते. मालकाला उठवायचं कारण नाही. धुळीने माखलेल्या डिकीवरचे पंजे मोजले की आपण झोपेत असताना कोण कोण कामाला गेलं, तेही त्याला कळतं.

या सुखी संसारात ऑटोमॅटिक शिरली.

"साईं, न्यूट्रलला ठेवायची ना!"

"भाऊ, न्यूट्रलला ठेवली तर चावीच निघत नाही!"

साईंचं खरं आहे. चावीच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्कवर, गेल्याशिवाय चावी बाहेर येत नाही. आणि 'पी'वर गेला की गिअरबॉक्समधली एक छोटी लोखंडी खिटी दातेरी चाकात जाऊन बसते. मग अख्खी गल्ली लोटली तरी गाडी हलत नाही. काही गाड्यांत दांड्याजवळ एक बारीक झाकण असतं. ते उचलून आत दाबलं की दांडा सुटतो. पण झाकण गाडीत, गाडीला कुलूप, चावी साईंच्या खिशात आणि साईं कल्याणला.

या खिटीचं कौतुकही मर्यादेतच करावं. नव्या टॉवरच्या उतारावर लोक थेट 'पी' टाकतात आणि ब्रेकवरचा पाय उचलतात. गाडी इंचभर घसरते आणि तिचा सगळा भार त्या एवढ्याशा खिटीवर येतो. सकाळी दांडा हलता हलत नाही. हलला तर खाडकन आवाज होतो आणि वॉचमनही वळून बघतो. त्यापेक्षा ब्रेक दाबून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय अलगद सोडून गाडीला हँडब्रेकवर नीट बसू द्यायचं आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. चार सेकंदांचं काम, पण लिफ्ट खाली आलेली दिसली की चार सेकंद फार वाटतात.

खरं तर या 'पी'वाचूनही जगाचं चाललं होतं. १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये आलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्सला 'पी' नव्हता. इंजिन बंद करून रिव्हर्सला टाकलं की गाडी जागच्या जागी अडायची. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी मॅन्युअल, आली. तिलाही 'पी' नाही. ती गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. म्हणजे अशी लावली तर ढकलायला तीही नालायकच.

शेवटी गल्लीने तोडगा काढला. ऑटोमॅटिक आत, भिंतीला लागून. मॅन्युअल बाहेर, न्यूट्रलला. कोणाचीच तक्रार उरली नाही. फक्त डाव्या पायाला आराम म्हणून ज्याने वर पैसे मोजले, तो साईं आता रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट सांभाळत दुसऱ्याची मॅन्युअल ढकलत असतो, आणि इस्त्रीवाला बाजूला उभा राहून "थोडं डावीकडे, साईं" म्हणून सांगत असतो.