बॅकअप हाय ना जी!

जगभर 31 मार्चला ‘बॅकअप दिन’ पाळतात. ही तारीख ठरवणाऱ्यानं आपलं सरकारी कार्यालय पाहिलेलं नसणार. त्या दिवशी इथं जो तो निधी खर्ची टाकण्यात गुंतलेला. बिलांच्या प्रती तीन-तीनदा निघतात. डेटाची प्रत काढायला सवड कुणाला?

अमरावतीहून विभागाची व्हीसी लागली की अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ एकेक करून पडद्यावर उगवतात. ‘आवाज येतोय का?’ यात सुरुवातीचा वेळ जातो. पडद्यामागे मात्र एक कारकून गुमान टिपत असतो: कोण किती वाजता जोडलं गेलं, कधी सटकलं. त्याचं नाव लॉग. ना त्याला रजा, ना बदली, ना कुणाची भीड.

केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत बजावलंय: लॉग 180 दिवस जपा, देशातच ठेवा, यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. जपा म्हटलं, म्हणून जपतात. वाचायचं नाव कुणी काढू नये.

अकोल्यातल्या एका कार्यालयात तपासणी पथक गेलं. (कोणतं ते छापत नाही, आमचंही एक काम तिथं अडकलंय.) नोंदवहीत महिनाभर रोज ‘लॉग तपासले, सर्व ठीक’. एकच पेन, एकच बैठक. दिवसभर लाइन नव्हती त्या तारखेलाही सर्व ठीक. रविवारी तर जास्तच ठीक.

“बॅकअप कुठं आहे?”

“हाय ना जी! ह्याच पीशीत, डी ड्राइव्हले.”

नियम सांगतो: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. सगळे कागद एकाच इमारतीत असले की काय होतं, हे 21 जून 2012 ला मंत्रालयाच्या आगीत उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मग अकोल्याची प्रत अमरावतीला ठेवायला हरकत काय? 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता तयार आहे. हार्ड डिस्क घेऊन जाणाऱ्याचं टीए बिल कोण मंजूर करणार, एवढंच अडलंय.

“बरं, ही प्रत कधी उघडून पाहिली?”

“काहून जी? बिघडलं नाही त उघडाव कायले?”

मग पथकानं हौसेनं लॉगच वाचून काढला. कागदावर साहेब आढावा बैठकीला ‘पूर्णवेळ उपस्थित’. लॉगमध्ये 11:04 ला आले, 11:07 ला गेले, 12:28 ला आभाराच्या वेळी पुन्हा हजर.

दुखणं इथं आहे. जागा नाही, माणूस नाही, निधी नाही म्हणून बॅकअप राहून जात नाही. खरी नोंद दोन ठिकाणी असली की एका ठिकाणची गहाळ करून भागत नाही, म्हणून राहून जातो.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: हजेरी स्वाक्षरीप्रमाणे धरावी, लॉगमधील तफावतीबाबत संबंधित यंत्राचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

ऑपरेटरनं आदेश दोनदा वाचला आणि हळूच म्हणाला, “सायेब, मशीन खुलासा देईन जी, पण खरा देऊन बसली त?”